मावशीच्या तळघरात कुठला फोन लागतो

मावशीचं शिवणकामाचं दुकान तळघरात. तिथे रेंज यायची ती तिच्या मर्जीने. गिऱ्हाईक फोन लावून लावून दमायचं आणि शेवटी जिना उतरून भांडायलाच यायचं. मावशीने ठरवलं, नवा फोन घ्यायचा, पण तळघरात चालणारा.

जावयांनी आपल्या महागड्या फोनचं इतकं कौतुक केलं, की काकांनी इरेला पेटून स्वतःचा जुना बटणांचा फोन पुढे केला. मावशी कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा माप घेणारी बाई, नुसत्या बोलण्याला थोडीच भुलणार! दोन्ही फोनांत तिने आळीपाळीने आपलंच सिमकार्ड घालायचं ठरवलं आणि मुलीला तिचा स्वतःचा फोन घेऊन वर रस्त्यावर उभं केलं.

आधी जावयांचा फोन. पडद्यावर रेंजच्या काड्या चांगल्या भरलेल्या. तरी ते हळूहळू खिडकीकडे सरकायला लागले.

"जावईबापू, मी काय खिडकीत बसून शिवणार आहे का?" मावशीने त्यांना मशीनपाशी बसवलं आणि स्वतः फोनवर म्हणाली, "कॉलरला अस्तर लावलं."

मुलीला ऐकू आलं, मास्तर पळाले. कुठले मास्तर, म्हणून ती धावत खाली आली. जावयांनी फोनचं जाडजूड कव्हर काढून पुन्हा लावून पाहिला, तरी मास्तरांचं काही अस्तर होईना.

काकांच्या फोनवर जेमतेम एक काडी होती. पण मुलीला अस्तर तर कळलंच, मागे काका खोकले तेही कळलं. त्या दिवशी काका चार घास जास्त जेवले.

मावशीने तसलाच फोन घेतला आणि तिची झोप उडाली. आता प्रत्येकाचा फोन लागायचा. कपडे झाले का, बटणं कुठली लावताय, बाही जरा आखूड करा. बोलता बोलता तिने एका शर्टाला बाही उलटी लावली. ती उसवत असताना पुन्हा फोन वाजला, तेव्हा तिने तो वाजता वाजताच वर नेला आणि दारापाशी स्टुलावर रिकामे बसलेल्या काकांच्या हातात ठेवला.

काका खाकरले. "बाई मशीनवर आहेत. मी त्यांचा सेक्रेटरी बोलतोय."

तेव्हापासून फोन वरच असतो. काका गिऱ्हाइकांशी तब्येतीपासून हवापाण्यापर्यंत सगळं बोलतात आणि खाली मशीन सुखाने चालतं. वर तर कुठलाही फोन चालला असता, असं जावई एकदा म्हणाले. मावशीने त्यांना पँटच्या मापासाठी सरळ उभं राहायला सांगितलं.