सात थरांची वाकळ

माझ्याकडच्या वाकळी बघायला लोक येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. यातली सगळ्यात जुनी कोणती? मी दाखवते. अंजनगावकडच्या एका म्हातारीने दिलेली, धुऊन धुऊन जाळी झालेली. मग दुसरा प्रश्न येतो, तुमच्या आईची कोणती? ती नाही, म्हणते मी, आणि चहा ठेवायला उठते. पाहुण्याला पहिल्याच भेटीत काय काय सांगणार!

मी अमरावतीत, बडनेरा रोडच्या मागच्या वस्तीत राहते. समोरच्या खोलीत वाकळ शिवायचा वर्ग चालवते. वाकळ म्हणजे गोधडीच, आमच्याकडे वाकय म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक अंथरायची, चार बायांनी चार बाजू धरायच्या आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मधोमध यायचं. काम होतं, गप्पा होतात, एखादीचं रडूनही होतं. टाका वाकडा गेला की मी ओरडते. काकूच्या तोंडापेक्षा सुई बरी, असं बाया माझ्यामागे म्हणतात. मला ऐकू येतं, आणि त्यात खोटं काही नाही.

नव्या बाईला मी सगळ्यात आधी थरांचं सांगते. आमच्या वऱ्हाडातल्या उन्हाला दोन थर पुष्कळ झाले, हौसच असेल तर तीन. थंडी वाजली तर दोन वाकळी पांघराव्या. चाराच्या वर गेलं की सुई चालत नाही, दाभण लागतो आणि बोटं रक्तबंबाळ होतात. जाड वाकळ शिवणारी बाई एकतर चिखलदऱ्याची असते नाहीतर खुळी, असं मी वर्गात सांगायची आणि बाया हसायच्या.

माझ्या मायची वाकळ सात थरांची होती.

आमचं गाव अकोटजवळ. काळं वावर, कपाशी, दोन बैल आणि बाबा. बाबांनी बैलांना कधी मारलं नाही. बैल हाकायची काठी असते ना, आम्ही तिला तुतारी म्हणतो, टोकाला लोखंडाची अणकुचीदार आर असते तिच्या, ती वावरात नुसती त्यांच्या खांद्यावर असायची. त्यांचे बैल बघायला पोळ्याला बाजूच्या गावचे लोक यायचे आणि म्हणायचे, काय जीव लावला मुक्या जनावराले! घरी आल्यावर तीच तुतारी आमच्या पाठीवर चालायची. आधी भाजीत मीठ कमी, पाणी गरम नाही, असं काहीतरी कारण असायचं. पुढे पुढे कारण शोधायची तसदीही त्यांनी घेतली नाही.

मायची वाकळ आधी दोनच थरांची होती. दार आदळलं की ती आम्हा दोघांना, मला आणि धाकट्या भावाला, कोपऱ्यात ओढायची. भाऊ खाली, त्याच्यावर मी, माझ्यावर माय आणि सगळ्यांवर वाकळ. वरून तुतारी. एकदा आर दोन्ही थर फाडून मायच्या पाठीत गेली. ती ओरडली नाही, फक्त तिचा श्वास माझ्या कानात गरम गरम लागला आणि मग माझ्या मानेवर काहीतरी ओलं आलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचं एक लुगडं फाडलं आणि वाकळीला आणखी एक थर दिला. पुढच्या वेळी आर तेवढीच कमी घुसली. मग तिला तो नादच लागला. जुनं काही हाती आलं की थर. सातव्या थरानंतर आर अंगापर्यंत पोचायची बंद झाली, नुसता मुका मार बसायचा. मुक्या माराचं आम्हाला काही वाटेनासं झालं होतं. भाऊ मात्र तळाशी पडून माझ्या दंडाला चावायचा आणि एकसारखं पुटपुटायचा, "माय वं, माय वं."

पडलेल्या प्रत्येक भोकावर माय दुसऱ्या दिवशी लाल ठिगळ लावायची, अगदी बारीक टाक्याने. गावातल्या बाया म्हणायच्या, काय नक्षी काढली वं! माय म्हणायची, हो.

मी दाभण धरायला शिकले ती त्या वाकळीवर. लग्न होऊन अमरावतीला आले. नवरा मिळाला तो गरीब गाय, आमच्या घरात आवाज चढतो तो माझाच. इथे मी वाकळी शिवल्या, शिकवल्या, आणि मग जुन्या वाकळी जमवायचं खूळ डोक्यात शिरलं. खेड्याखेड्यात जायचं, म्हाताऱ्यांजवळ बसायचं, कोणाची वाकळ, कोणाच्या लुगड्याची, ते ऐकायचं आणि मागून आणायची. दोन मोठ्या पेट्या भरल्या. मायची वाकळ मात्र माझ्याकडे आली नाही. माय गेली, वाकळ भावाच्या घरी राहिली, कारण बाबा तिथे होते आणि घर त्याचं होतं.

मी मागितली की भावजय कारणं सांगायची. "धुवाले टाकली बाई." पुढच्या खेपेला, "उंदरानं कुरतडली, नीट करून देतो." त्याच्या पुढच्या खेपेला ती सापडेचना. मला असा राग आला! माझ्या मायची वस्तू, आणि ही परक्या घरची पोरगी तिच्यावर नाग होऊन बसली. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. दिवाळीला गेले तरी तिच्या हातचा चहा घेत नसे.

मग बाबा गेले. फोन आला तशी मी एसटीत बसले. वलगाव सुटेपर्यंत डोळ्यांत पाणी येतं का याची वाट पाहिली, ते आलं नाही म्हणून मग झोप काढली.

अंगणात बाबांना ठेवलं होतं आणि त्यांच्या खाली ती वाकळ होती. आमच्याकडे माणूस ज्या अंथरुणावर जातो ते अंथरूण त्याच्यासोबतच जातं, सरणावर. घरात ठेवत नाहीत. तिरडी बांधून झाली होती. पुरुष माणसं वाकळीसकट त्यांना उचलायला वाकली तशी मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"वाकय जाणार नाही," मी म्हटलं. "चादरीवर न्या त्यायले."

"बाई, बाजूले हो," भाऊ म्हणाला.

"मायची हाय ते. त्यायची नाही."

"मेलेल्या माणसाच्या अंगाखालचं घरात ठेवतेत काय? डोक्शावर पडली काय तू?"

बाबांना चौघांनी तिरडीवर घेतलं आणि मी वाकळीचं टोक पकडलं. दुसरं टोक भावाच्या हातात होतं. त्याने हिसका दिला, मीही दिला. टर्रकन कड उसवली. गावच्या देखत, बापाच्या मयतासमोर, त्याने माझ्या कानाखाली वाजवली. हात अगदी बाबांचाच, तळवा उघडा आणि मागून मनगटाचा फटका. मी त्याच्या मनगटाला चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. त्याने दुसऱ्या हाताने माझे केस धरले आणि माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. माणसं नुसती 'अरे अरे' करत होती, पुढे कोणी येत नव्हतं.

तेवढ्यात भावजय सैपाकघरातून धावत आली आणि तिने वाकळ मधोमध धरली. मला वाटलं, आली नवऱ्याची बाजू घ्यायला. पण ती वाकळ माझ्याकडे ओढत होती.

"नेऊ नोका हो," ती त्याला विनवत म्हणाली. "मले लागते ते."

मी खाली बघितलं. माझ्या मुठीत वाकळीचं जे टोक होतं त्यावर मायची लाल ठिगळं होती, विटून गुलाबी झालेली. त्यांच्या मध्ये मध्ये निळी ठिगळं होती. मी हजारो टाके पाहिलेली बाई. निळ्या ठिगळांचा टाका मायचा नव्हता. घाईघाईने घातलेला लांब टाका होता, आणि दोरा अजून कोरा होता.

बैल विकून वर्षं झाली होती, दारात ट्रॅक्टर उभा होता. पण दाराच्या मागे तुतारी होती. आर घासून चकचकीत केलेली.

माझ्या हातातलं टोक सुटलं. मला असा संताप आला की भोवतालचं अंगण मला दिसेना.

"ने," मी भावाला म्हटलं. "ने आणि जाळ. काहीच ठेवू नको त्या वाकयीचं."

आणि भावजयीचा हात धरला. "चाल. चप्पल घाल."

"बाई, घरात मयत हाय."

"मयताले खांदा द्याले माणसं हायेत. तुह्यासाठी कोण हाय? चाल."

मूलबाळ नव्हतं तिला, आणि त्याचाही दोष तिच्याच माथी मारलेला. ती नेसत्या साडीने निघाली. मागे कोणीतरी म्हातारा म्हणाला, "खाण तशी माती." बापाच्या दारातून सून पळवली म्हणून सगळं गाव आमच्या तोंडावर थुंकलं. थुंकू दे. बसमध्ये ती माझ्या शेजारी ताठ बसून होती. पाठ सीटला टेकवत नव्हती, आणि का ते मला विचारावं लागलं नाही.

तेरवी झाली आणि दुसऱ्याच दुपारी भाऊ आला, डोक्याचा गोटा केलेला. वर्ग चालू होता. चार बाजूंना चौघी बसल्या होत्या आणि त्यातली एक बाजू भावजयीची होती. त्याने दार लाथेने उघडलं, एक शब्द न बोलता तिची वेणी मुठीत धरली आणि तिला फरशीवरून फरफटत दाराकडे नेऊ लागला. ती ओरडली नाही. नुसता एक हात वर करून वाकळ शोधत होती, अंगावर घ्यायला.

ते बघून माझं मस्तक फिरलं. शिवायला अंथरलेली वाकळ मी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या डोक्यावरून टाकली, सुया लागलेल्या होत्या त्या तशाच. बाकीच्या बायांना काही सांगावं लागलं नाही. एकीने कपडे धुवायची मोगरी आणली, एकीने चप्पल काढली, एकीला काहीच सापडलं नाही म्हणून ती लाथा घालत होती. मी माझा कापड मोजायचा लोखंडी गज घेतला. आम्ही त्याला बडव बडव बडवला. तो खाली पडला, पाय पोटाशी घेतले, आणि आतून आवाज आला, "माय वं, माय वं."

माझा हात जागच्या जागी थांबला. तो आवाज मी पोटाखाली धरला होता, कितीतरी वेळा. बाकीच्यांचे हात चालूच होते आणि मी त्यांना लगेच थांबवलं नाही.

मग वाकळ मीच ओढून काढली. नाकातून रक्त, ओठ फुटलेला, खांद्यात एक सुई रुतून दोरा लोंबत होता. तो माझ्याकडे बघत राहिला, लहानपणी बघायचा तसा.

"बाई," तो म्हणाला, "लागलं नं."

"लागनच," मी म्हटलं. "दोनच थर हायेत तिले."

भावजय भिंतीला धरून उठली, सुटलेले केस मागे बांधले. त्याच्याजवळ गेली, खांद्यातली सुई एका झटक्यात उपसली आणि पदराला पुसली. मग वाकळ परत सारखी अंथरली, आपल्या बाजूला जाऊन बसली आणि जिथे टाका सुटला होता तिथून पुढे शिवायला लागली.