तिकडचा गोल

लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा जावयानं त्यांच्या गावच्या फुटबॉल क्लबची हंगामातली शेवटची मॅच दाखवायला नेलं. क्लब दुसऱ्या श्रेणीतला, अख्खं वर्ष पहिल्या श्रेणीच्या उंबऱ्यावर घुटमळलेला. वर चढायचं तर आज तो जिंकायला हवाच होता. शिवाय त्याच वेळी दुसऱ्या गावात खेळणारा, याच्यापेक्षा जरासा पुढे असलेला क्लब हरायला हवा होता.

आमच्या शेजारी एक म्हातारा कानात इअरफोन खुपसून तिकडची कॉमेंट्री ऐकत बसला होता. हळूहळू आजूबाजूचे सगळे मैदान सोडून त्याच्या तोंडाकडेच बघायला लागले. त्याची भुवई हलली तरी कुणीतरी विचारायचं, "काय झालं तिकडे?" तो नुसतीच मान हलवायचा. मला काय पडलं होतं त्या क्लबचं? तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

ही तगमग ओळखीची वाटली. जेवायला बसलो की चित्त ऑफिसात, ऑफिसात बसलो की घरी. लेकीचा निकाल हातात आणि डोळे शेजारच्या मुलीच्या मार्कांवर. माणसाचं बरंवाईट कायम दुसऱ्याच कुठल्या तरी मैदानावर ठरत असतं की काय?

एकदम स्टेडियम उसळलं. जावई ओरडला, "बाबा, गोल! आपला गोल!" मी वळलो तोवर चेंडू जाळ्यात पडलेला आणि खेळाडू एकमेकांच्या अंगावर.

म्हाताऱ्यानं गडबडीनं इअरफोन उपसला आणि मलाच विचारलं, "कुणी मारला?"

मी त्याच्याच तोंडाकडे बघत होतो.