कापड हातात द्यायला निघालेली बाई

भाच्याचा, अमोलचा, फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "मामा, आईले अटॅक आला... आई गेली. लवकर या." अर्धी दाढी तशीच ठेवून मी गाडी काढली. मंदा, म्हणजे माझी बायको, शेजारी येऊन बसली आणि आम्ही निघालो. ती पदरानं डोळे पुसत होती, मी समोर बघून गाडी हाकत होतो. भद्रावती मागे पडली तेव्हा कुठे तिनं मान वर केली आणि रस्त्याकडे पाहिलं.

"अहो, कुठी चालले तुमी?"

"बाईला आणायला..."

"बाई नागभीडले हाय. घरी हाय ते."

मी गाडी बाजूला घेतली. चंद्रपूरहून नागभीडला जायचं तर मूल-सिंदेवाहीचा रस्ता, आणि मी सरळ नागपूरच्या विमानतळाकडे निघालो होतो. शाळेत पोरांना भूगोल शिकवणारा मी माणूस! पण माझ्या हातांना एवढंच ठाऊक होतं, की बाईसाठी गाडी काढायची म्हणजे विमानतळावर जायचं. इतकी वर्षं दुसरं काही केलंच नव्हतं. अर्ध्या दाढीनं, चुकीच्या रस्त्यावर, मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. मंदानं पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "चला, वळवा."

बाई म्हणजे माझी थोरली बहीण कुसुम. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. नागभीडला तिच्या सासरी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचा धंदा. जंगलात ऐनाच्या झाडांवर अळ्या पोसून मिळालेला कोसा, त्याचं सूत, त्या सुताच्या गावातल्या मागांवर विणलेल्या साड्या. भाऊजी लवकर गेले आणि धंदा हिच्या गळ्यात पडला. तोवर माल नागपूरच्या व्यापाऱ्याकडे जायचा आणि त्याच्यापुढे कुठे जातो ते कोणालाच माहीत नसायचं. बाईनं ठरवलं की आपण स्वतः दिल्लीला जाऊन दाखवायचा. घरात हसाहशी झाली. त्यात मीही होतो, किंबहुना माझा आवाज सगळ्यात मोठा होता. "बाई, दिल्ली म्हणजे ब्रह्मपुरीचा बाजार नाही," मी म्हणालो. तिनं विचारलं, "काऊन, तिथची माणसं कापड नेसत नाईत का?" पुढच्याच महिन्यात ती विमानात बसून गेली आणि दिल्लीतल्या एका मोठ्या दुकानाची मालकीण जोडून आली. त्या मॅडमच्या ऑर्डरवर गावातले माग पुढे चालत राहिले.

सुरुवातीचं विमान बाईला आवडायचं. ट्रेमध्ये जेवण यायचं, गोळी-चॉकलेट मिळायचं, हवाई सुंदरी वाकून नमस्कार करायची. मग बघता बघता सगळं बदललं. जेवण गेलं, चॉकलेट गेलं, नमस्कार तेवढा उरला. खिडकीजवळ बसायचं तर वेगळे पैसे, गठ्ठा थोडा जड झाला तर वेगळे पैसे. घरून निघतानाच मोबाइलवर चेक-इन करा, नाहीतर काउंटरवरची पोरगी अपराधी असल्यासारखी बघणार. पुढे तर आत जायला कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा. बाईचा चेहरा त्या यंत्राला काही केल्या ओळखू येईना. कुंकू मोठं म्हणून, की डोक्यावरचा पदर आड येतो म्हणून, कोण जाणे. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. शिपाई म्हणाला, "माताजी, पल्लू हटाइए." बाई म्हणाली, "दिल्लीवाली ओळखते मले. याले ओळखाचं असन तं ओळखन, नाई तं तुमी हाव ना!" शेवटी त्यानंच हसत हातानं पास तपासून तिला आत सोडलं.

एकदा मी तिच्याबरोबर गेलो होतो. गठ्ठा उचलायला. सेक्युरिटीत पट्टा काढायला लावला आणि दोन्ही हात वर करायला सांगितले, तेव्हा पँट सावरू की हात वर ठेवू या पेचात मी जे काही केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझं झाल्यावर बाईची पिशवी अडली. पडद्यावर अंड्यासारखं काहीतरी दिसत होतं. "ये क्या है?" बाईनं पिशवीतून मूठभर कोसे काढले आणि त्यातला एक जवानाच्या कानाशी नेऊन हलवला. ही तिची रीतच होती. गिऱ्हाइकाला कापड दाखवायच्या आधी कोसा कानाशी धरायचा, आत खुटखुट वाजतं ते ऐकवायचं, मग म्हणायचं की हे धागे इथून येतात. जवान बिचारा ऐकत राहिला. आम्हाला सोडलं.

त्या दिवसाचं महत्त्व मला वाटेतच कळलं होतं. मॅडमला कोणीतरी मशीनचं कापड दाखवलं होतं, दिसायला अगदी कोशासारखं. आजच्या आज ठरवते, म्हणाल्या होत्या. नागभीडचं घ्यायचं की ते. ऑर्डर हातची गेली असती तर माग थांबले असते आणि विणणारी माणसं कामाच्या शोधात कुठल्या कुठे गेली असती.

आणि विमान लेट! आधी थोडं, मग आणखी थोडं. पाटीवर वेळ बदलत राहिली आणि दुपार झाली. कोट घातलेली माणसं काउंटरवर ओरडत होती. कोणाचं टेंडर होतं, कोणाची मीटिंग. कोळशाच्या धंद्यातला एक जाडजूड गृहस्थ तर फोनवर कोणाला तरी सांगत होता की मी दिल्लीत पोचलोय, ट्रॅफिकमध्ये अडकलोय. बाई ओरडली नाही. पुढे गेली आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "काऊन लेट हाय?"

"ऑपरेशनल रीझन, मॅम."

"म्हंजे काय झालं?"

"ऑपरेशनल रीझन है, मॅम."

"पोरी, आमची एसटी बंद पडली तं कंडक्टर सांगते, टायर गेला म्हणून. तुमाले टायर नाई का?"

मुलगी हसली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच मराठीत म्हणाली, "मावशी, खरं सांगू? मलाच कोणी सांगत नाही." बाईनं तिला पिशवीतला चिवडा दिला. "खाऊन घे. सकाळपासून शिव्याच खाऊन राह्यली तू."

मग ती माझ्याकडे वळली. "बापू, तुह्या फोनवर चेहरा दिसते ना? लाव मॅडमले." मी फोन लावला. बाईनं गेटपाशी, खुर्च्यांच्या मधोमध गठ्ठा सोडला. मी फोन धरलेला, म्हणजे कापड धरायला कोणी नाही. बाईनं सरळ त्या कोळशेवाल्याला हाक मारली, "ओ भाऊ, रिकामेच हाव ना? धरा पदर." आणि तो जाडजूड माणूस, टेंडर-बिंडर विसरून, एक टोक धरून उभा राहिला. दुसरं टोक औषध कंपनीच्या एका माणसानं धरलं. मॅडम म्हणाल्या, "कलर समझ नहीं आ रहा." वरात निघावी तशी सगळी माणसं काचेच्या मोठ्या खिडकीकडे, उजेडात. मॅडमला बहुतेक निम्मा वेळ माझा अंगठाच दिसला असणार.

तेवढ्यात औषधवाला किंचाळला. पिशवीतल्या एका कोशाचं तोंड ओलं होऊन उघडलं होतं आणि त्यातून एक ओलागिच्च, चुरगळलेला जीव बाहेर येत होता. बाईनं घाईत वाळवलेल्या कोशांऐवजी पुढच्या पिकासाठी जिवंत ठेवलेल्या बियाण्याच्या माळेतले कोसे तोडून आणले होते, आणि मिरगाच्या सुमाराला बियाण्यातून पाखरं निघतातच. सकाळचं विमान वेळेवर गेलं असतं तर कळलंही नसतं. पाखरू साडीच्या काठावर चढलं आणि हळूहळू पंख सोडत गेलं. तळहाताएवढे, तांबूस पिवळे, त्यावर डोळ्यासारखे गोल. बाईनं माझ्या हातातून फोन ओढून त्याच्याजवळ नेला.

"ये... ज़िंदा है?" मॅडमचा आवाज आला.

"जिंदा है मॅडम. हमारा सब जिंदा है. मशीनवाले को बोलो, उसका दिखाओ."

मॅडम म्हणाल्या की अर्धी ऑर्डर तुम्हाला, उरलेल्याचं बघू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर घरी फोनही करून टाकला. संध्याकाळी विमान रद्द झालं तेव्हा मी म्हटलं, "बाई, काम झालं, चल घरी."

"अर्धं पाह्यलं तं अर्धं देल्लं," ती म्हणाली. "फोनवर अर्धंच दिसते, बापू. उरलेलं हातात देऊन आणतो मी."

ती रात्रीपुरती नागपुरात अमोलकडे राहिली, सकाळच्या विमानानं गेली आणि बाकीची ऑर्डर घेऊन आली. पाखरू मात्र माझ्या गळ्यात. गेटवरच्या कुंडीत सोडावं म्हणून बाईनं आधी पानाला हात लावून पाहिला होता. झाड प्लास्टिकचं होतं. मग मी त्या पाखराला डब्यात घालून नागभीडच्या रस्त्यावर एका ऐनावर नेऊन ठेवलं. चुकून बियाण्याचे कोसे आणले, हे बाईनं मरेपर्यंत कबूल केलं नाही. "मुद्दाम आणले होते," हेच पालुपद.

गेल्या उन्हाळ्यात मी तिला विमानतळावर सोडलं, ते शेवटचं. चालताना दम लागत होता. अमोलनं तिच्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. खुर्ची आली, बरोबर ढकलणारा माणूसही आला. बाईनं खुर्चीकडे पाहिलं, गठ्ठा उचलून तिच्यात बसवला, वरून पट्टाही बांधला आणि आपण शेजारून चालायला लागली. माणूस म्हणाला, "माताजी, आप बैठिए." बाई म्हणाली, "हे बसते. याले गरज हाय." काचेपलीकडे ती दोघं... तिघं... दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो.

परवा आम्ही तिची खोली आवरायला बसलो. अमोल, मंदा आणि मी. तिची प्रवासाची पिशवी खुंटीला होती. विमानतळावर सामानाला चिकटवतात त्या कागदी पट्ट्या बाई कधी फाडायची नाही. एकीवर एक गुंडाळून मुठीचा नुसता जाड दांडा झालेला. अमोलच्या हातात तिचा मोबाइल होता. त्यावर विमान कंपनीचा निरोप आला होता की आपल्या पुढच्या महिन्यातल्या विमानाची वेळ बदलली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणि त्याखाली मॅडमचा निरोप. बाईंबद्दल फार वाईट वाटलं, आता या वेळचं कापड व्हिडिओवरच बघून घेऊ, आणि दुसरे एक जणही दाखवणार आहेत.

"बरंच झालं," अमोल म्हणाला. "आता कोण जाईल? तिकिटावर दुसऱ्याचं नावही टाकता येत नाही." मीही मान डोलावली. विमानाचे हाल मला ठाऊक होतेच, वर शाळेच्या परीक्षा, माझा रक्तदाब... कारणं माझ्याजवळ तयार असतात.

मंदा खाली बसून साड्यांच्या घड्या घालत होती. दर हंगामात ती बाईकडे याच कामाला यायची. दोघींचं दिवसभर भांडण चालायचं आणि घड्या मात्र एकसारख्या पडायच्या. हातातली घडी पुरी करून ती उठली, खुंटीवरची पिशवी काढली आणि साड्या आत रचायला लागली.

"मॅडमले सांग, अमोल," ती म्हणाली, "मामी येऊन राह्यली. माह्या नावाचं दुसरं तिकीट काढ."

"तू?" मी म्हणालो. "अगं, तू लिफ्टमध्ये डोळे मिटून घेतेस!"

"मंग इमानात बी मिटीन," मंदा म्हणाली. "कापड तं उघडंच राहीन ना?"