भर बाजारात ओढलेलं शटर

आज सकाळी रात्रभर भिजलेल्या ज्वारीच्या पिठावरचं झाकण काढलं आणि तो आंबूस वास आला. पोट पुन्हा बिघडलंय, म्हणून डॉक्टरांनी आंबील, ताक आणि वेळेवर जेवण सांगितलंय.

त्या वासासरशी मी इंदापूरच्या आमच्या कापडदुकानात पोचलो. तेव्हा मी तिशीत होतो. दुपारी उभ्याउभ्याच भजी खायची, वर चहा ढोसायचा. पोटात सतत जळजळ. एका बाजाराच्या दिवशी दुकान भरलेलं असताना माझी बायको शमीम आंबील-भाकरीचा डबा घेऊन आली. "यांचं जेवण झाल्यावर या," असं गिऱ्हाइकांना सांगून तिनं सरळ शटर खाली ओढलं.

"अगं, धंद्याची वेळ हाय!"

"असू द्या. आधी जेवा. सावकाश चावा."

कोऱ्या कापडाच्या वासात, अर्धवट अंधारात ती समोर बसून माझा घास न् घास बघत होती. मला मात्र बाजारात हसं होईल याचीच लाज वाटत होती. पुढं रोज दुपारी शटर पडू लागलं आणि पोटही सुधारलं.

शमीमला जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान आता मुलगा बघतो. मला वेळच वेळ आहे. आंबील तिच्यासारखी जमते. अगदी सावकाश जेवतो, तरी जेवण फार लवकर संपतं.