वहिनीची साडेबावीस प्रकरणं

वापीच्या त्या दवाखान्यात भेटायची वेळ संध्याकाळी चार ते पाच. शेवटच्या दिवशी मी डब्यात मऊ भात घेऊन गेले, पण वहिनीने डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाकाला नळी, हाताला सुई, आणि मला बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं, मिलिंदसाठी काही निरोप असेल. मिलिंद म्हणजे तिचा मुलगा, माझा भाचा. तो जर्मनीहून निघाला होता. वहिनी म्हणाली, "तेविसावं अर्धं राहिलंय, वन्सं. पुढच्या तिन्हींना तर हातच लावला नाहीये. काकांना शेवट मिळाला पाहिजे." मी म्हटलं, घरी ये आणि तूच कर पूर्ण. ती नुसती हसली... दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला तेव्हा मिलिंद मुंबईच्या विमानतळावर सामानाची वाट बघत उभा होता.

आता दोन महिने होत आले. डहाणूत सुमनवहिनीला 'वाचनालयाच्या बाई' म्हणून ओळखणारे पुष्कळ आहेत. त्यांची वहिनी म्हणजे कपाटांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारी, पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला चारचौघांत बोलणारी. पण तिची शेवटची पाच वर्षं निराळी होती आणि ती मी जवळून पाहिली, कारण दादा गेल्यापासून आम्ही दोघी एकाच घरात राहत होतो. मी शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली नणंद आणि ती माझी भावजय. आमची भांडणं होतील अशी लोकांना फार आशा होती. होतही होती, पण लोकांना हवी तशी नव्हती.

दोन हजार चौदा साली वाचनालय बंद झालं. सभासद उरले नव्हते, छप्पर गळत होतं, आणि एके दिवशी सगळी पुस्तकं गोणत्यांत भरून कुठल्याशा संस्थेला गेली. वहिनी आठ दिवस कुणाशी बोलली नाही. तिला बरं वाटावं म्हणून मिलिंदने एक ई-रीडर पाठवला. शाळकरी पाटीएवढा, म्हणून ती त्याला पाटीच म्हणायची. उन्हातही वाचता येतं, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, एकदा चार्ज केला की वीज गेली तरी दोन-तीन आठवडे बघायला नको. फक्त त्याच्या दुकानात मराठी पुस्तकं तेव्हा मूठभर, आणि तीही हिने कधीच वाचून संपवलेली. मग बाईंनी ठरवलं की पुस्तकं बाहेरून आणून पाटीत भरायची. इंटरनेटवर जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करून कोणी कोणी ठेवलेली असतात, ती शोधायची आणि केबल लावून चढवायची. त्यातही शिस्त होतीच. लेखकाला जाऊन साठ वर्षं झाली आहेत ना, हे बघितल्याशिवाय ती एक पान उतरवून घ्यायची नाही.

पहिल्या दिवशी तिने फाइल पाटीवर ओढली, तर पुस्तक दिसेना. तीन वेळा ओढली. संध्याकाळी मिलिंदच्या फोनवरून उलगडा झाला की ती फाइल नव्हतीच, डेस्कटॉपवरचा शॉर्टकट होता. म्हणजे पुस्तकाऐवजी पुस्तक कुठल्या कपाटात आहे त्याची चिठ्ठी तिने पाटीत भरली होती. मी दोन दिवस हसत होते. मग स्कॅन चढलं, तर अक्षर मुंगीएवढं. मोठं करावं तर पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. मग कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून रूपांतर करून पाहिलं, त्यात वेलांट्या एका ओळीत आणि अक्षरं दुसऱ्या ओळीत. असली पानंसुद्धा ती चिकाटीने दुरुस्त करत बसायची. साठी ओलांडलेली ही बाई कधी कंटाळेल याची मी वाट बघत होते, आणि ती काही कंटाळली नाही.

असं तीन वर्षं चाललं. मग एकदा ती तलासरीच्या बाजारात नागली आणायला गेली आणि तिथे तिला कमल भेटली. कमल वेवजीची, बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसते. बोलण्यात निघालं की तिचे सासरे म्हणजे आमचे देवजीकाका. काका वनरक्षक होते, डहाणूला असताना वाचनालयाचे सभासद. आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नव्हते, एक डोळा ऑपरेशननंतर गेलेला आणि दुसरा अधू. पुढच्या बाजाराला कमलने त्यांचा निरोप आणला. ती गलबताची कादंबरी बाईंना आठवते का? वाचनालयाच्या त्या प्रतीची शेवटची चाळीस पानं गळालेली होती. काकांनी ती दोनदा नेली होती आणि दोन्ही वेळा गलबत वादळात सोडून पुस्तक परत केलं होतं. ते बंदराला लागलं की बुडालं, एवढंच त्यांना डोळे जाण्याआधी कळायला हवं होतं.

वहिनीने ते फार मनाला लावून घेतलं. अर्धवट पुस्तक आपण सभासदाला दिलं, तेही दोनदा... हे तिच्या दृष्टीने अक्षम्य होतं. दोन महिने शोधून तिने इंटरनेटवर त्या कादंबरीची अख्खी प्रत मिळवली, पण स्कॅन इतकं पुसट की रूपांतर करायची सोयच नव्हती. तेव्हा तिने ठरवलं की सगळं पुस्तक स्वतः टाइप करायचं. सव्वीस प्रकरणं, दोन बोटांनी. मी म्हटलं, अगं, शेवट काय तो फोनवर सांगून टाक, दोन मिनिटांचं काम. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "वाचनालयाने पुस्तक द्यायचं असतं, वन्सं. गोष्ट सांगायची नसते."

तिने स्वतःची पाटी काकांना देऊन टाकली. वेवजीला फोन बऱ्याचदा गुजरातचा टॉवर धरतो, नेट आलं तर आलं, म्हणून ईमेलने पाठवण्याचा प्रश्न नव्हता. बाजाराच्या दिवशी कमल भाजीच्या टोपलीत, कापडी पिशवीत गुंडाळून पाटी आणायची. वहिनी लॅपटॉप घेऊन डहाणूहून जायची, चहाच्या टपरीवर बाकडं पकडायची आणि केबल लावून नवीन प्रकरण चढवायची. सुरुवातीला ती दर वेळी आधीचं पुस्तक पुसून वाढवलेलं घालायची. त्याने काकांची वाचायची जागा हरवायची आणि बिचारे पुन्हा पहिल्या पानावर. तेव्हापासून प्रत्येक प्रकरण वेगळं पुस्तक म्हणून जाऊ लागलं. कधी आठवड्याला एक, कधी महिन्याला एक. दीड वर्षात ती काकांना एकदाही भेटली नाही. भाजीवाल्या बायका मात्र तिला ओळखायला लागल्या होत्या. माझी बडबड चालूच होती. एवढ्या उन्हात एका प्रकरणासाठी तलासरीला जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं मी तिला तोंडावर सांगत असे. शेवटी शेवटी तिला जिना चढताना धाप लागायची, तरी बाजार चुकला नाही.

ती गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. तेविसावं प्रकरण एका वाक्याच्या मध्यात थांबलेलं होतं. पुढचं मी टाइप केलं. मला तीन आठवडे लागले, आणि पाठीला रग लागल्यावर कळलं की ही बाई काय करत होती. मग बाजाराच्या दिवशी तलासरीला गेले. वहिनी गेल्याचं मी कमलला फोनवर आधीच सांगितलं होतं. मला बघून ती तिथेच भाजीपुढे बसून रडली. त्याच बाकड्यावर बसून मी उरलेली चारही प्रकरणं एकदम चढवली. खरं सांगायचं तर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात कमलचा फोन आला. काका म्हणतात, पुस्तक अपुरं आहे. मला रागच आला. एकेक ओळ मी स्कॅनशी ताडून पाहिली होती. म्हटलं, जाऊन दाखवूनच येते.

वेवजीला काका ओट्यावर बसले होते, पाटी मांडीवर. मला त्यांनी ओळखलं नाही, मी वहिनीची नणंद म्हटल्यावर हात जोडले. मी विचारलं, कुठलं पान नाही?

"पानं हायत सगळी. गलबत लागलं बंदराला, वाचलं मी," ते म्हणाले. "पण शेवटाला बाईंचं नाय आलं. चारी प्रकरणांना नाय." मग खालच्या आवाजात, "बाई रागावल्या का माझ्यावर?"

मी कमलकडे बघितलं. तिने मान खाली घातली. पुस्तक संपेपर्यंत सासऱ्यांना सांगायचं नाही, असं तिने परस्पर ठरवलं होतं, आणि नंतर तिला धीर झाला नव्हता.

काकांनी पाटी माझ्या हातात दिली. आधीची प्रकरणं मी कधी उघडलीच नव्हती. प्रत्येकाच्या शेवटी, गोष्ट संपल्यावर थोडी जागा सोडून वहिनीने काकांना दोन-चार ओळी लिहिल्या होत्या. 'काका, आज इथेच थांबा, गलबताचा तांडेल पुढच्या बाजारापर्यंत काही मरत नाही.' 'चिंचणीहून सुके बोंबील आणलेत, कमलकडे दिलेत, खारट आहेत तेव्हा बेताने.' 'डोळ्यात थेंब घालता की नाही?' बाराव्याच्या शेवटी होतं, 'वन्सं मला वेडी म्हणतात. म्हणोत. दोन्ही वेळच्या पोळ्या त्याच करतात म्हणून माझं टायपिंग होतं. त्यांच्या तोंडावर हे कधी बोलायची नाही, डोक्यावर बसतील.' आणि बाविसाव्याच्या शेवटी, 'धाप फार लागते. पुढचं उशिरा आलं तर रागावू नका.'

मला पुढचं दिसेना. पाटीवर अक्षर एवढं मोठं, तरी दिसेना. मग मी काकांना सांगितलं. साधं, जसं घडलं तसं. त्यांनी पाटी माझ्याकडून घेतली, सव्विसावं उघडलं आणि परत माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "लिवा शेवटाला. नायतर पुस्तक अपुरंच ऱ्हायचं."

लॅपटॉप पिशवीत होता. तिथेच ओट्यावर बसून सव्विसावं प्रकरण उघडलं, वहिनी सोडायची तेवढी जागा सोडली आणि टाइप केलं, 'काका, वहिनी गेली. तुमच्यावर रागावली नव्हती. शेवटपर्यंत तुमच्याच गलबताचं बोलत होती. मीही आता रागावत नाही. सकाळी उठून अजून चार पोळ्या करते, आणि दोन उरतात.' केबल लावून ते चढवलं. काकांनी पाटी चांगल्या डोळ्याजवळ नेली आणि एकेक शब्द बोट ठेवून वाचला. वाचून झाल्यावर कमलला हाक मारली आणि मला जेवायला वाढायला सांगितलं.