ओठांवरचे लाल ठिपके

साठ सालानंतरचे ते दिवस. बेळगावहून बेंगळूरला येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि तिथल्या एका सरकारी इस्पितळात मी धाकटा डॉक्टर होतो. एका सकाळी रक्ताची उलटी झाली म्हणून कारखान्यातला एक फिटर दाखल झाला. वय बेचाळीस, निपाणीकडचा. माझ्या तोंडून मराठी ऐकून त्याला धीर आला.

"दारू घेता?" मी विचारलं.

"कधीच नाही, साहेब."

असं सगळेच म्हणतात, असं मला वाटलं. पोटात नळी घालून आत बघायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. बेरियमचा एक्स-रे काढला, त्यात अल्सर दिसला नाही. मग रक्त येतं कुठून? मला उत्तर हवं होतं, आणि दारू हे सोपं उत्तर होतं. लहानपणापासून आपला घोळणा फुटतो, असं तो सांगत होता. ते मी कागदावर लिहिलंसुद्धा नाही.

धारवाडहून आलेल्या त्याच्या सासऱ्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "नेमकं काय झालंय?"

"पिणं थांबवलं तर वाचतील," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते मुलीला आणि तीन वर्षांच्या नातीला घेऊन धारवाडला निघून गेले.

सहा महिन्यांत तो आणखी दोनदा दाखल झाला. दुसऱ्या खेपेला तर पांढराफटक पडला होता. पोट उघडून जठराचा भाग काढायचा, असं ठरलं. म्हणून त्याची थोरली बहीण गावाहून आली. नाकाला रुमाल लावून ती खाटेजवळ बसली होती.

"सर्दी झालीय का, अक्का?"

"नाही हो, घोळणा फुटलाय. आमच्या घरात सगळ्यांचाच फुटतो. आई तर रक्त ओकूनच गेली."

तिनं रुमाल काढला, तेव्हा तिच्या खालच्या ओठावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले. मी तसाच भावाकडे वळलो आणि त्याला जीभ बाहेर काढायला सांगितली. जिभेवर तेच ठिपके, ओठाच्या आतही तेच. काचपट्टीनं दाबलं की नाहीसे होत, सोडलं की परत येत. हा आजार मी फक्त पुस्तकात वाचला होता. घराण्यातून येणारा, बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच नाजूक करणारा. असेच ठिपके पोटातही असतात आणि तिथूनच रक्त जातं. ही जीभ मी पहिल्या दिवशीही पाहिली होती. पण रक्त किती कमी झालंय, एवढंच तेव्हा बघितलं होतं.

मी मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी ऑपरेशन रद्द केलं आणि विद्यार्थ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

घरी जाताना तो म्हणाला, "साहेब, सासऱ्यांना दोन ओळी लिहाल का? माझं ते ऐकायचे नाहीत."

"लिहितो की," मी म्हणालो. त्या दोन ओळींना मला चार महिने लागले. लिहायला बसलं की आपण खात्री नसताना बोललो, हे कबूल करावं लागे. शेवटी लिहिलं, 'आजाराबद्दल गैरसमज झाला होता.' कुणाचा, ते लिहिलं नाही.

त्याची बायको परत आली. दोघं मला भेटायला आले, तेव्हा मुलगी आईच्या पदराआड लपली होती. बापाकडे जायला तयार नव्हती. बायकोनं हात जोडले.

"तुमच्यामुळं कळलं बघा. कुणा डॉक्टरानं माझ्या अप्पांच्या डोक्यात भलतंच भरवून दिलं होतं."

तो माझ्याकडे बघत होता. तो डॉक्टर कोण, हे त्याला ठाऊक होतं. "चल," तो बायकोला म्हणाला, "साहेबांना कामं असतात."

पुढे सात वर्षं तो लोहाच्या गोळ्यांवर आणि बाटलीतल्या रक्तावर जगला. दर खेपेला बायको बरोबर यायची, माझ्यासाठी जवसाची चटणी आणायची. ती मी घरी न्यायचो, खायचोही. तिला मात्र शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.