सुलटा पत्रा

राळेची पूड पत्र्यावर बसेपर्यंत घरातला एकही पंखा लावायचा नाही, हा माझा कायदा. शांती नगरच्या आमच्या दोन खोल्यांत नवरा बनियनवर बसून कुरकुरतो, "हे कसलं चित्र काढणं! एवढ्यात भजी तळून मोकळी झाली असतीस." मी लक्ष देत नाही. पूड उडाली की छापात डाग पडलाच म्हणून समजा. पत्रा खालून तापवला की राळेचे दाणे चिकटतात, मग दाण्यांमधली जागा अ‍ॅसिड खातं. जितकं जास्त खाईल तितकी शाई जास्त धरते, तितका रंग गडद. पिवळा, तांबडा, निळा असे तीन पत्रे एकाच कागदावर एकापाठोपाठ छापले की निसर्गचित्र उभं राहतं.

या वेळचं चित्र सासऱ्यांसाठी होतं. ते इथल्याच पेणकरपाड्याचे. इमारती उठण्याआधीचं त्यांचं घर, शेजारची चिंच, पुढे भाताची खाचरं. त्यांनी सांगायचं आणि मी काढायचं. काचबिंदूने त्यांची नजर झपाट्याने जात होती. ती जायच्या आत त्यांना त्यांचं गाव दाखवायचं, एवढाच माझा हट्ट. पण मी तिसऱ्या पत्र्यावर असतानाच नजर गेली. तरी चित्र छापून आणलं, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागद चाचपला, "छान झालंय" म्हणाले आणि बाजूला ठेवला. मला रडूच आलं. डॉक्टरांचा राग आला, माझ्या कूर्मगतीचा तर फारच.

दुसऱ्या दिवशी पाहते तर ते टेबलापाशी बसून निळ्या रंगाचा पत्रा बोटांनी चाचपत होते. अ‍ॅसिडने खाल्लेली जागा हाताला खरखरीत लागते, बाकीची गुळगुळीत.

"घर हाय, खाचरं हायत," ते म्हणाले. "पन चिंच हिकडं न्हाय गो. उजवीकडची डावीकडं टाकलीस तू."

"बाबा, छापताना उलटं होतं, म्हणून पत्र्यावर तसं काढावं लागतं. कागदावर बरोबर आहे."

"कागदावर मना काय दिसतंय?"



मग मी नवा पत्रा घेतला आणि त्यावर गाव सुलटं काढलं. छापायचा नाहीच, असं ठरवून. अ‍ॅसिडमधून काढला, धुतला, पुसला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट घरावरून निघालं, चिंचेखाली रेंगाळलं, खाचरांच्या बांधाबांधाने पुढे गेलं आणि पत्र्याच्या कडेशी अडलं.

"हितं का थांबलीस गो?" ते म्हणाले. "फुडं मिठागर हाय. आय तिथं कामाला गेलीय."